ओलीवरचा हरभरा

शेखनं सगळ्यांसमोर मुकादमाची पाठ थोपटली आणि गफूरच्या पोटात दुखायला लागलं. सौदीत हुफूफकडच्या शेखच्या त्या शेतावर गफूर आधी आलेला. पाइप त्यानं टाकले, खजुराला खत त्यानं घातलं. मुकादमकी मात्र मागून आलेल्या अबू नबीलच्या पदरात पडली. हा पॅलेस्टाइनचा.

त्यात त्याचं गावपुराण. जेनीनजवळ सपाट तांबडी जमीन, चढणीवर जैतून, मळ्यात टमाटा नि काकडी, पहाटे बाजारात ट्रकांची रांग. आता इस्रायलचं लष्कर नवी विहीर खणू देत नाही, म्हणून अर्धं गाव पलीकडे इस्रायलात मजुरीला जातं, हेही तो सांगायचा.

"रोज त्याचाच गाव," गफूर खोलीतल्या सिराजुद्दीनजवळ कुरकुरला. "आमची रत्नांग्री काय दर्यात बुडली हाय?"

"मंग तू पन सांग की," सिराजुद्दीन म्हणाला.

गफूरनं तोंड फिरवलं.

त्या थंडीत पाऊस बरा झाला. अबू नबीलनं कोपऱ्यात हरभरा पेरला आणि बजावलं, याला पाणी द्यायचं नाही, हा जमिनीतल्या ओलीवर येतो. रान हिरवंगार झालं. शेख रोज तिथं येऊन उभा राहायचा, आणि गफूरच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

मग इराकशी लढाई पेटली. एका दुपारी हल्ल्याचा भोंगा वाजला तसे सगळे खोलीत शिरले. गफूर मागे राहिला आणि त्यानं बोअरचं खारं पाणी हरभऱ्यात सोडलं. काय होणार, ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

हरभरा पिवळा पडला. शेखनं विचारलं तेव्हा गफूर म्हणाला, "मुकादमानंच सोडायला सांगितलं."

पॅलेस्टाइनवाले इराकच्या बाजूचे, अशी बोलवा तेव्हा जिकडेतिकडे होती. शेखला तेवढं निमित्त पुरलं. अबू नबीलचा इकामा, राहायचा परवाना, खलास. जाताना तो गफूरला एवढंच म्हणाला, "कडेची ओळ उंचावर आहे. ती जगेल, तिला जप."

ओळ जगली. लढाई संपली तेव्हा तिला घाटे धरले होते. आता मुकादम झालेला गफूर स्वतः जुडी घेऊन शेखकडे गेला. शेखनं घाटा फोडून दाणे चवीनं खाल्ले.

"पाण्याशिवाय पीक," तो म्हणाला. "हे कसब त्याच्याच गावचं. तुमच्याकडे असलं कुणाला येतं?"

भात कापल्यावर गफूरची आई दरवर्षी अशाच ओलीवर वाल घ्यायची. पण ते सांगायचं, तर ठाऊक असून त्या दुपारी पाणी का सोडलं, तेही सांगावं लागलं असतं.

"नाही शेख," गफूर म्हणाला. "आमच्याकडं नाही येत कुणाला."