सोमवार-गुरुवारची बॅटरी

वरठीला स्टेशनच्या रस्त्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि माझा स्वभाव तापट आहे, हे दोन्ही आंधळगावच्या कैलाशला चांगलं ठाऊक होतं. तरी त्या सोमवारी तो व्हॅनमधून उतरला तो माझ्यावरच उखडत.

"मनिषभाऊ, तिसरी बॅटरी आहे हे. आज बी ढकलून चालू केली. तुमाले जमत नसन तं सांगून टाका!"

मी ऐकून घेतलं, कारण त्याचा जीव गाडीत अडकलेला नव्हता. त्याच्या बायकोच्या, शकुनच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला डायलिसिससाठी भंडाऱ्याला न्यावं लागतं. सकाळी गाडी चालू झाली नाही, की गावातून दुसरी मिळेपर्यंत तिचा नंबर निघून जायचा. अशा बऱ्याच खेपा चुकल्या होत्या. तिच्या अंगात पाणी साठलं होतं, पाय सुजले होते, आणि आता आणखी चुकवाल तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. आज सकाळचा नंबर हुकलाच होता. दवाखान्यात फोन करून त्याने दुपारच्या पाळीत कशीबशी जागा मिळवली होती.

मी मीटर लावला. इंजिन चालू असताना चार्जिंग चौदा व्होल्टच्या वर, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. तरी त्याने तो एकदा नागपूरहून दुरुस्त करून आणला होताच. मग गाडी बंद ठेवून करंट कुठे गळतो का ते पाहिलं. वायर गरम नाही, दिवा लागून राहिलेला नाही, काही नाही. गाडीत दोष नाही आणि बॅटरी मात्र पार उतरलेली! माझं डोकं फिरलं.

तेवढ्यात टेपवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. सकाळचे दहा वाजले होते आणि ते चार दाखवत होतं. बॅटरी काढून परत लावली, की ते घड्याळ बारापासून मोजायला लागतं. मी बॅटरी उचलून पाहिली. बुडाला धानाच्या बांधीतला चिखल होता, अजून ओला. टर्मिनलचा नट पान्याने घासून गुळगुळीत झाला होता.

"कैलाश, आज सकाळी सहाच्या सुमाराला कोणीतरी ही बॅटरी गाडीत बसवली. कोणी?"

"मी तं रात्रपाळीले होतो," तो म्हणाला. "घरी आलो तवा उजाडलं होतं."

चोराचा माग सापडल्याचा मला आनंद झाला, लपवत नाही. बॅटरी थोडी चार्ज केली आणि त्याच्यासोबत मीही आंधळगावला निघालो.

घरी शकुन छपरीतल्या बाजेवर बसली होती, शेजारी दवाखान्याची पिशवी. तिचे सासरे भय्याजी अंगणात दोर वळत होते. कैलाशने इंजिन चालूच ठेवलं आणि मी विषय काढला. म्हाताऱ्याने लगेच कबूल केलं.

"मीच नेतो ना वावरात. रानडुकरं धान लोळवून रायले. मचाणावर गाडीचा जुना मोठा लाईट बांधला आहे, तो रातभर जळते. सकाळी बॅटरी आणून जशीच्या तशी लावतो."

"रोज नेता?" मी विचारलं.

"रोज नाई. बिघडली बिघडली तं? सून सांगते तवाच नेतो."

"कवा सांगते?" कैलाशने विचारलं.

"दवाखान्याच्या आदल्या दिवशी," भय्याजी सरळ म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना कळलंच नाही.

कैलाशला कळलं. तो बायकोकडे बघत राहिला. मला तिथून निघून जावंसं वाटलं. माझी सगळी हुशारी त्या अंगणात मातीमोल झाली होती.

"पयल्या खेपेले मामाजीनं आपल्याच मनानं नेली होती," शकुन म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "गाडी चालू नाई झाली. त्या दिवशी मी घरी रायली. भाजी चिरली, शेजारणीसंग बोलली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मंग मीच सांगाले लागली."

"अवो, पन मरशील ना तू!" कैलाश ओरडला.

"मालूम आहे मले." तिने बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत शिरा फुगून गाठी झाल्या होत्या. "त्या मशीनवर चार घंटे कुडकुडत पडून रायते. दुसऱ्या दिवशी उठवत नाई. जरा उठली, की पुन्हा गुरुवार. गाडीले काय झालं ते तुमी नागपूरपर्यंत इचारून आले. मले इचारलं का कोनी?"

कैलाश गाडीपाशी गेला आणि त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "बंद नको करू, बॅटरीत दम नाही," हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. तो येऊन तिच्याजवळ बाजेवर बसला.

"आज जाचं का, शकुन?" त्याने विचारलं.

तिने डोळे पुसले. "आज जाऊ. पन गुरुवारी बी असंच इचारा. अन् कोन्या दिवशी मी नाई म्हणलं, तं नाई."

दंडाला धरून कैलाशने तिला उठवलं, गाडीत बसवलं, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि दार लावलं. मग दारावर हात ठेवून, तिच्याकडे न बघता, तो म्हणाला, "हव. नाई म्हणलं तं नाई."

तो स्टिअरिंगवर बसला. मी आणि भय्याजींनी मागून गाडी ढकलली.