अंगणात बसलेल्या बाया

बायको कस्तुराबाई गेली त्या दिवशी दिनकरराव मानवतला फेटा बांधून स्टेजवर बसले होते.

जुनं बियाणं जपणाऱ्यांच्या एका मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला होता. राणीसावरगावच्या रानात कमी पाण्यावर येणारी ज्वारी त्यांनी अठरा वर्षं निवडून निवडून तयार केली, असं माईकवरच्या माणसानं सांगितलं. मग दिनकरराव बोलायला उभे राहिले. खिशात फोन वाजला. त्यांनी बंद केला. पुन्हा वाजला, पुन्हा बंद केला. शेवटी मागून कोणीतरी येऊन कानाशी बोललं, "तुमच्या पोरीचा फोन हाय. लगेच घरी जा म्हनली."

कस्तुराबाई सकाळपासून शेतातल्या माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकत होती. छातीत कळ आली. खाली उतरली, बांधावर टेकली, ती उठलीच नाही. सत्काराला मीही येते, असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती. "मंग पाखरं कोन राखंल?" असं दिनकररावच म्हणाले होते.

ते तसेच घरी आले. अंगणात माणसं जमली होती. शेजारची चांगुणाबाई पुढं झाली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, अगुदर डोक्यावरचा फेटा काढा."

ज्वारी कस्तुराबाईची होती. कोणतं ताट चांगलं, कोणतं कणीस बियाला ठेवायचं, हे तीच उभ्या पिकात हिंडून ठरवायची. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून ती निवडलेल्या ताटांना बांधायची, काहींना लाल, काहींना हिरव्या. गावातल्या बाया तिच्याकडूनच बी न्यायच्या. पण सातबारा दिनकररावांच्या नावावर, म्हणून मंडळाकडच्या अर्जावर त्यांचं नाव पडलं. पहिल्यांदा कोणी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आमी निवडली." पुढच्या वेळी म्हणाले, "मी निवडली." कस्तुराबाई तिथंच चहाचे कप उचलत होती. तिनं कप उचलले आणि आत गेली.

मुलगी निकिता परभणीला शेतीचं शिकते. तिच्या वसतिगृहातली मैत्रीण इफेओमा नायजेरियाची, इग्बो समाजातली. दोन वर्षं ती सुट्टी पडली की इथं यायची, कस्तुराबाईच्या मागं रानात फिरायची आणि वहीत लिहून घ्यायची. मराठी ती कस्तुराबाईकडूनच शिकली, त्यामुळं बोलायची ते थेट राणीसावरगावचं.

मागच्या वर्षी हुरडा खाताना ती आपल्याकडचं सांगत होती. "माय, माझी आजी बाजारातल्या बायांची म्होरकी हाय. कोनतं दुकान कुठं लागंल, भांडन कसं मिटवायचं, समदं बाया ठरवत्यात. माझ्या पणजीच्या वक्ताला इंग्रज बायांवर कर बसवनार म्हून हूल उठली, तवा हजारो बाया बाहेर पडल्या. गोळ्या खाल्ल्या, पन हटल्या न्हाईत. सरकारलाच मागं सरावं लागलं."

"आन नवरा माजला तर गं?" कस्तुराबाईनं विचारलं.

"जुन्या काळी बाया जमून त्याच्या अंगनात बसायच्या. त्यानं काय काय केलं, त्याची गानी म्हनायच्या. मुसळानं भिंत बडवायच्या. त्यो कबूल होऊन चूक भरून देईस्तोवर उठत नव्हत्या."

कस्तुराबाईला हसू आवरेना. "आमच्याकडं अशा बसल्या तर गावात एक भिंत ऱ्हायची न्हाई माय!"

दिनकररावही हसले होते. हातातला हुरडा सांडेपर्यंत हसले होते.

तेराव्याचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या बाया दुखवट्याला आल्या आणि अंगणात बसल्या. वीस-पंचवीस असतील. इफेओमाही त्यांच्यातच, निकिताशेजारी मांडी घालून बसली होती. दिनकरराव ओसरीच्या खांबाला टेकून खाली बघत होते. आता ह्या गाणं म्हणतील, असं त्यांना सारखं वाटत होतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण बाया नुसत्या बसून राहिल्या.

बऱ्याच वेळानं चांगुणाबाई म्हणाली, "भाऊजी, पीक काढनीला आलंय. बियाची कनसं येगळी काढावी लागतेत. लाल चिंधीची कोनती आन हिरवीची कोनती, तेवढं सांगा."

दिनकररावांनी तोंड उघडलं. मानवतच्या स्टेजवर ते पाऊण तास बोलले होते.

"मला ठाव न्हाई," ते म्हणाले.

"तुमी तर अठरा वर्सं निवडायलात न्हवं?" मागून एक म्हातारी बोलली. चांगुणाबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

"म्या न्हाई निवडली. तिनं निवडली. म्या नुसतं माझं नाव लावलं."

कोणालाच नवल वाटलं नाही. तेच त्यांना जास्त लागलं. सगळ्यांना ठाऊक होतं, आणि इतकी वर्षं सगळ्या गप्प होत्या, त्या केवळ कस्तुराबाईकडं बघून.

इफेओमानं वही उघडली. पानापानावर वर एकच नाव होतं, कस्तुराबाई. "लाल चिंधी हलक्या रानाची. हिरवी काळ्या रानाची," तिनं वाचून दाखवलं. "दोन्ही एका जागी मिसळायची न्हाईत, असं मायनं सांगितलंय." बाया उठल्या, पदर खोचले आणि तिच्यासोबत शेताकडं निघाल्या.

जाता जाता ती ओसरीशी थांबली. "काका, आमच्या बाया नुसतं कबूल केलं म्हून सोडत न्हाईत. मानवतला जाऊन कवा सांगनार?"

"जातो," दिनकरराव म्हणाले.

"तिथंच. त्याच माईकवर."

"जातो म्हनलं न्हवं."

ज्वारी काढून झाली. बी दोन मडक्यांत वेगवेगळं भरून, वर राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलं. मडक्यांच्या गळ्याला चांगुणाबाईनं त्याच चिंध्या बांधल्या. मंडळाच्या अध्यक्षांचा नंबर दिनकररावांच्या फोनमध्ये आहे. दोनदा लावला. समोरून "बोला, दिनकरराव" असा आवाज आला, आणि दोन्ही वेळा "सहज केला होता" असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

तीन महिने झाले. कपाटातल्या सन्मानचिन्हावर अजून दिनकररावांचंच नाव आहे. मानवतला जाऊन सांगायचं राहिलं आहे.