पुढची चार वजनं

मी एक जुनी पाभर आहे, मित्रांनो. बैलांची नव्हे, ट्रॅक्टरच्या पाठीला जोडायची, नऊ फणांची. उज्जैनच्या एका वर्कशॉपमध्ये माझं अंग जोडलं गेलं आणि बारा वर्षं मी क्षिप्रेकाठच्या काळ्या मातीत सोयाबीन अन् हरभरा पेरला. माझ्या सरळ ओळींचं लोक कौतुक करत. ट्रॅक्टर मला पेलतो तो त्याच्या तोंडाशी टांगलेल्या चार लोखंडी वजनांमुळे, हे त्या कौतुकात मीही विसरत असे.

माझे मालक सुधाकरकाका, रेल्वेतून रिटायर झालेले. ट्रॅक्टर चालवते त्यांची पुतणी भार्गवी. गेल्या वर्षीच्या गणपतीत देवास गेटजवळच्या मराठी मंडळाचा मांडव वाऱ्याने उडू लागला. काकांनी मोठ्या मनाने चारही वजनं काढून मांडवाच्या दोऱ्यांना बांधायला दिली. बाप्पा गावाला गेले, वजनं मात्र मंडळाच्या खोलीतच राहिली.

हरभरा पेरायच्या दिवशी भार्गवीने मला वर-खाली करणारं हायड्रॉलिक तपासलं. मी धपकन पडू नये म्हणून माझा उतरण्याचा वेग तिने अगदी कमी केला.

"इतक्या आरामात उतरली तर शाम होईल," काका हसले.

"होऊ दे. पण काका, पुढची वजनं कुठं आहेत?"

"मंडळात. नंतर आणू. ओल चाललीये, टाइम नाहीये. मी बसतो ना समोर, वजन तर वजन."

भार्गवी नको नको म्हणाली, पण ऐकतील ते काका कसले. ते पुढच्या बंपरवर बसले. माझ्या दोन्ही पेट्या बियाण्याने आणि खताने काठोकाठ भरल्या होत्या. मला उचलून ट्रॅक्टर नाल्याचा चढ चढू लागला. माझ्या ओझ्याने त्याचं तोंड वर उचललं जात होतं. मला ओरडता येत नव्हतं.

पुढची चाकं हवेत गेली. माझे फण मागे मातीत रुतले आणि ट्रॅक्टर तोंड वर करून माझ्यावर टेकून तसाच थांबला. काका घसरून खाली पडले, त्यांचे पाय थेट चाकाखाली. भार्गवीने ब्रेक दाबला, पण घाबरून तिचा हात मला खाली सोडणाऱ्या लीव्हरवर पडला. आता मी खाली बसणार, ट्रॅक्टरचा टेकू सुटणार आणि पुढची चाकं काकांच्या पायांवर येणार.

मी उतरू लागले. हळूहळू, सकाळी तिने ठरवून दिलेल्या त्याच वेगाने.

"काका, सरका," ती ओरडली.

काका कोपरांवर सरकले. एक पाय निघाला. दुसरा निघाला, चप्पल राहिली. चाक चपलेवर टेकलं.

त्या दिवशी पेरणी झाली नाही. काका स्वतः ऑटो करून देवास गेटला गेले आणि चारही वजनं घेऊन आले. त्यांच्या खाचांत अजून गुलाल होता. मी एवढी खूश कधीच झाले नव्हते.

यंदा मंडळाचा फोन आला. काका म्हणाले, "वजनं नाही मिळणार. रेतीची बोरी भरून देतो. कमी पडलं तर दोरी धरून मी बसतो, पण मांडवातच."

मित्रांनो, माझं तेलपाणी तुम्ही कराल, मला धुवाल, पुसाल, मला ठाऊक आहे. फक्त मला उचलण्याआधी एकदा ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन बघत जा. ती चप्पल काकांनी अजून माझ्या पेटीशेजारी टांगून ठेवली आहे.