माइक हनुवटीखाली का गेला?

"द्राक्ष!"

फारुखमियाँ एवढ्या जोरात ओरडले की मागच्या रांगेतलं बाळ दचकून रडायला लागलं. त्यांच्या पाठीमागच्या पडद्यावर तोच शब्द झळकत होता. द्राक्ष. इंदिरानगरचा तो हॉल टाळ्यांनी नुसता दणाणून गेला.

"बहिऱ्याला ऐकू आलं हो!" पहिल्या रांगेतल्या लताबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांना आणायला पाहिजे होतं!"

चमत्कारच होता. फारुखमियाँची अख्खी जवानी मालेगावात पावरलूमवर गेली, आणि त्या खडखडाटात कानही गेले. मघाशी नादगुरू धनराजने त्यांच्या हेडफोनला बाजारातला साधा अ‍ॅम्प जोडला होता. अ‍ॅम्प म्हणजे हेडफोनला जोर देणारा डबा. धनराज तोंडासमोर माइक धरून हळूच एक शब्द बोलला, तो फक्त हेडफोनमध्ये गेला, आणि मियाँ नुसते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्याने स्वतःचा 'सिद्धनाद' अ‍ॅम्प जोडला. आणि धाडकन, द्राक्ष!

"ही गोदामाईच्या पाण्यात भिजवलेली चांदीची तार आहे, मंडळी!" धनराज काळ्या डब्यावरून हात फिरवत म्हणाला. "बाकीचे अ‍ॅम्प कानाला ऐकवतात. सिद्धनाद पेशीला ऐकवतो! मेलेली नस जागी होते! विज्ञान अजून इथपर्यंत पोचलंच नाही."

"विज्ञान रिक्षाने येतंय वाटतं," तिसऱ्या रांगेत इन्शा पुटपुटली.

पण खरं सांगायचं तर, 'द्राक्ष' ऐकून तिनेही टाळ्या वाजवल्या होत्या. फारुखमियाँ तिचे अब्बा. ती शाळेत विज्ञान शिकवते, तरी क्षणभर तिलाही वाटलं, असू दे ना खरं. एकदाच असू दे.

शेजारी भाऊ सरफराज फुलला होता. त्याने भारीतला हेडफोन घेतला होता आणि आता त्याला साजेसा अ‍ॅम्प निवडायला तो इथे आला होता. अब्बांना घेऊन.

"बघितलंस? तुझा डॉक्टर म्हणतो कानाचं मशीन लावा. कशाला मशीन? रोज तासभर सिद्धनाद."

"भाई, डॉक्टर काय म्हणाले होते? मोठा आवाज बिलकुल नको, उरलंय तेही जाईल. आणि त्या डब्याचा आवाज बघ. मला इथपर्यंत ऐकू येतोय!"

"उपचार आहे तो."

"त्याला अब्बांबद्दल कोणी सांगितलं?"

"मीच. फोनवर. लूमवर होते म्हटलं. त्याने स्वतःच सांगितलं, यांना स्टेजवर आणा."

इन्शाच्या डोक्यात काहीतरी खट्कन अडकलं. स्टेजवर अब्बा हसत होते. कित्येक महिन्यांनी असे हसत होते. आणि धनराज त्यांना सांगत होता, "बाबा, कानाचं मशीन विसरा. बटण असं पूर्ण फिरवायचं. दुखलं तर समजायचं, नस जागी होतेय."

झालं. इन्शा उठली.

"एक मिनिट, सर. माझा भाऊ अ‍ॅम्प निवडायला आलाय. दोन्ही डबे तपासून दाखवता?"

"या ना ताई! लपवायचं काय?" धनराजने दोन्ही डबे पुढे सरकवले. "बघा, दोघांचं बटण सारख्याच खुणेवर. बरोबर?"

सरफराजने अब्बांचा हेडफोन घेऊन डोक्यावर चढवला. धनराजने एक गाणं लावलं. आधी साधा डबा. मग सिद्धनाद.

"जमीन-अस्मान! मागे घुंगरू वाजतायत, ते आत्ता कळलं!"

"घुंगरू आहेत हे यांनी गाणं लावायच्या आधीच सांगितलं होतं, भाई."

इन्शाने गाण्याच्या जागी एकसारखी शिट्टी लावली, फोनमधलं आवाज मोजायचं अ‍ॅप उघडलं आणि फोनच्या माइकची बाजू हेडफोनच्या कपात घट्ट दाबून धरली. आधी एक डबा, मग दुसरा. स्क्रीन लोकांकडे फिरवली.

"सिद्धनादचा आवाज मोठा आहे. बटण सारखं, आवाज सारखा नाही. आतून तो जास्तच वाढवलाय. आणि जरासा मोठा आवाज आपल्या कानाला चांगला वाटतो. गोड, भरलेला, खरा. सगळी जादू एवढीच."

तिने बटण मागे फिरवून दोन्ही आवाज सारखे केले, पुन्हा तेच गाणं लावलं आणि भावाच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. "आता सांग. कुठला सिद्ध?"

सरफराजने एक सांगितलं. मग दुसरं. मग पुन्हा पहिलं. हॉलमध्ये खसखस पिकली.

"थांब ना, डोळे बांधल्यावर नीट ऐकू येत नाही!" तो चिडला. आणि काय बोललो ते कळल्यावर त्याने स्वतःच ओढणी सोडली.

धनराज मात्र कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "मोजा, मोजा! शंका घ्या! पण तुमच्या वडिलांना ऐकू आलं, ते कुठल्या फोनमध्ये मोजणार?"

टाळ्या पुन्हा त्याच्याकडे गेल्या. लताबाई ओरडल्या, "पोरी, बापाचं बरं झालेलं बघवत नाही का तुला?"

ते लागलं. इन्शाने अब्बांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते. नाही, तिच्या डोळ्यांकडे नाही. तिच्या ओठांकडे.

तिला मालेगावचा कारखाना आठवला. लहानपणी ती डबा घेऊन जायची. आत कोणालाच काही ऐकू यायचं नाही, तरी गप्पा चालायच्या, चेष्टा चालायची, भांडणंसुद्धा. ओठ वाचायचे सगळे. तोडक्या खुणा करायचे. आणि माणूस तिथे इतकी वर्षं काढतो की आपण वाचतोय हे विसरतो. त्याला वाटतं, आपण ऐकतोय. घरी ती पाठ करून बोलली की अब्बा उत्तर देत नाहीत. सगळ्यांना वाटतं, रागावलेत.

"साधा डबा होता तेव्हा तुम्ही माइक तोंडासमोर धरला होता," ती धनराजला म्हणाली. "सिद्धनाद लावल्यावर हनुवटीखाली का गेला?"

धनराजने माइक पटकन पाठीमागे नेला.

"सिद्धनादच लावा, मघाच्याच खुणेवर. पण तोंडासमोर वही धरून बोला."

"अशाने ऊर्जा अडते, ताई."

"ऊर्जा तारेतून जाते ना? चांदीच्या? मग तोंडाचा काय संबंध?"

"धरा की वही!" मागून कोणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले.

अब्बांनी हेडफोन पुन्हा लावला. धनराज वहीआडून बोलला. पुन्हा बोलला. अब्बा नुसते बघत राहिले, एखादं दार उघडायची वाट बघावी तसे.

मग इन्शा त्यांच्या समोर गेली आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाली, अब्बा, चहा घेणार?

"हो. पण साखर कमी," अब्बा खणखणीत म्हणाले.

हॉल हसला. इन्शा हसली नाही. तिने हात वर केला. हातात हेडफोनची उपटलेली पिन होती.

अब्बांनी ती पिन पाहिली. मग तिचे ओठ. मग धनराज. हसू हळूहळू उतरलं. इन्शाला वाटलं, जमीन दुभंगावी.

"म्हणजे... मी ऐकतच नव्हतो?"

तिने मान हलवली. नाही.

अब्बा मग उठले, डोक्यावरून हेडफोन काढला आणि धनराजच्या तोंडासमोर हात नेऊन दोन बोटांनी हवेत काहीतरी तोडल्यासारखं केलं. कारखान्यातली खूण. धागा तुटला, लूम बंद कर.

"लूमवर शिकलेलं माझं ओठ वाचणं तू जादू म्हणून खपवलंस," ते म्हणाले. "आणि उरलेला कानही घेणार होतास. चल, इन्शा. तुझ्या डॉक्टरकडे."

धनराजने आवराआवर केली, तेव्हा दाराशी अडवायला सगळ्यात पुढे लताबाई होत्या.

अब्बांच्या कानाला जुळवलेलं मशीन लागलं. सगळं परत आलं नाही, येणारही नव्हतं. पण परवा इन्शा ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "अब्बा, चहा?" आणि पाठीमागून उत्तर आलं, "साखर कमी, किती वेळा सांगू!"

सरफराजने साधाच अ‍ॅम्प घेतला. हेडफोनला पुरेसा जोर देणारा, स्वतःची घरघर न करणारा. अ‍ॅम्पचं काम तेवढंच. घुंगरू त्यातही वाजतात.

तुम्हीही घ्या, खुशाल घ्या. पण आधी आवाज सारखा करा, डोळे बांधा, मग ठरवा. कान गेलेत असं वाटलं तर डॉक्टरकडे जा, मेळाव्याला नाही. आणि कोणी म्हणालं की आधी विश्वास ठेवा मग ऐकू येईल, तर लाजू नका, घाबरू नका, भरल्या हॉलमध्ये उभं राहून सांगा: आधी माइक तोंडासमोर धर.