गोडबाबांच्या डब्याची मागची बाजू

वाचनालयाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर गोडबाबांनी पिवळ्या डब्यातलं चमचाभर चूर्ण ग्लासात ढवळलं आणि घोटभर शिष्याला पाजलं.

"कसं लागतं?"

"गोड गोड, महाराज!"

मग बाबांनी साखर तपासायची पट्टी त्याच पाण्यात बुडवून उंच धरली. रंग ढिम्म बदलला नाही.

"पाहा! जिभेला साखर, शरीराला शून्य! डॉक्टर तुमचं खाणं बंद करतो, मी तुमचा डॉक्टर बंद करतो!"

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. तपासनीसबाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. पहिल्या रांगेत टाळ्या पिटणारे त्यांचे दादा मधुमेहाचे जुने रोगी. बारा दिवस गोळ्या सोडून ते हेच चूर्ण पीत होते. कालपासून घसा कोरडा, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणे, रोग बाहेर पडतोय!

बाई बिस्किटांच्या कारखान्यात वेष्टनं तपासत. पुडा दिसला की आधी उलटा करायचा, ही त्यांची खोड. पाहुण्यांकडेही त्या तेच करत आणि दादा कपाळावर हात मारून घेत. त्यांनी दादांच्या हातातला बाबांचा डबाही उलटा केला. पुढे हसरा फोटो, मागे सगळं कोरं.

"बाबा, यात काय काय घातलंय? सरकारी नियमानं सगळे घटक छापावे लागतात, जे जास्त ते आधी."

"माई, कृपेला घटक नसतात!"

"मग बनवणाऱ्याचा पत्ता?"

"भक्तांचं हृदय!"

हॉल खदखदून हसला. दादा ओरडले, "खाली बस गं, चारचौघांत शोभा करू नकोस!"

बाई कसल्या बसतात! त्या तडक व्यासपीठावर चढल्या. तिथे पट्ट्यांची डबी होती, तीही उलटी केली. तिच्या मागे मात्र बारीक अक्षरात सगळं छापलेलं होतं. बाईंनी खणखणीत वाचलं, "ही पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते. नेहमीची साखर ओळखत नाही."

शिपायाने चहाच्या डब्यातली साखर आणली. बाईंनी ती पाण्यात विरघळवून पट्टी बुडवली. रंग तसाच! शेजारच्या औषधवाल्याने ग्लुकोजची पूड दिली. त्या पाण्यात पट्टीचा रंग झरझर पालटला.

"आता सांगा, तुमच्या डब्यात काय आहे?"

बाबा डोळे मिटून समाधीत गेले. शिष्यच ओरडला, "पिठीसाखर आहे हो! वरून खायचा रंग!"

कुणालाच हसू आलं नाही. दादा उठायला गेले आणि धपकन खाली बसले. बाईंनी त्यांना रिक्षात घालून दवाखाना गाठला. रक्तातली साखर पाचशेच्या वर गेली होती.

आठ दिवसांनी दादा घरी आले. बहिणीचा हात धरून ते लहान मुलासारखे रडले. ते वाचले, म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते. पण त्या दिवसापर्यंत दोनशे घरांत ते डबे गेले होते. नियम छापायला लावतो, वाचायचं काम आपलं. आपल्याला वाचता येतं ना? मग वाचा. आणि लिहिलेलं नसेल, तर तोंडात घालण्याआधी विचारा.