पोपट छाप गठाण

वहाब अकरा महिन्यांनी घरी परतत होता. अशा वेळी माणसानं खुशीत असावं, पण हा मुंबईपासून धुमसत होता. मुर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून तो कारंजाच्या छोट्या गाडीत बसला. ती गाडी बैलगाडीला लाजवील इतक्या सावकाश निघाली आणि त्याचा उरलासुरला धीरही सुटला. शेजारच्या म्हाताऱ्यानं आगबोटीवर खायला काय देतात असं साधंच विचारलं, तर हा त्याच्यावर असा खेकसला की म्हातारा पुढच्या स्टेशनवर डबा बदलून बसला.

राग होता तो निजामुद्दीन सेठवर. कारंजात कामरगावच्या रस्त्याला सेठचा कापसाच्या गठाणी बांधायचा प्रेस होता. वहाब तिथं सात वर्षं मार्का मारायच्या कामावर होता. गठाण बांधून झाली की तिच्या तरटावर पत्र्याचा साचा धरायचा आणि काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा. पत्रा उचलला की खाली पोपट उमटायचा. पोपट छाप हा सेठचा मार्का. वहाबची बायको जुबेदा त्याच आवारात कामाला होती. आधी ती आणि गोजराबाई अशा आठ-दहा बाया ढिगातल्या कापसातले खडे वेचायच्या. मग सेठच्या डोक्यात आलं की खडे वेचले तर गठाण हलकी होते आणि पाणी मारलं तर जड होते. त्यानं वेचायचं काम बंद करून त्याच बायांच्या हातात बादल्या दिल्या. कोणी काही बोललं नाही. वहाबही बोलला नाही. गठाण गाडीत चढली की जगातून गेली, असाच तिथला एकूण हिशेब होता. ती पुढं कुठंतरी कोणीतरी उघडत असेल, हा विचार कारंजात कोणाच्या डोक्याला शिवलाच नव्हता.

मागच्या हंगामाच्या अखेरीस वहाबचं सेठशी रजेवरून वाजलं. तो तडक मुंबई गाठून एका आगबोटीवर कोळसा ओढायच्या कामाला लागला. आणि आक्टोबर महिन्यात त्या आगबोटीनं त्याला स्वीडन नावाच्या मुलखातल्या गोतेनबर्ग बंदरात नेऊन उभं केलं. सारंगानं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, एक दिवसाची सुट्टी दिली. संध्याकाळी वेळेवर आला नाहीस तर इथंच बर्फात गाडून जाईन, असंही बजावलं.

सकाळी वहाब दोन सदरे, त्यावर दुसऱ्याचा कोट आणि कानाला मफलर अशा अवतारात खाली उतरला. थंडी अशी की नाक आपलं आहे की नाही हे चाचपून बघावं लागे. पण शहर बघून तो हरखला. शहराच्या पोटातून पाण्याच्या गल्ल्या गेलेल्या, त्यांत होड्या, आणि होड्यांतून कांदे-बटाटे उतरत होते. रस्त्यात दगड असे बसवलेले की धूळ नावाला नाही. बिनघोड्याच्या, बिनधुराच्या गाड्या रुळांवरून घंटा वाजवत जात. बाजारात ही गर्दी, पण कोणी कोणावर ओरडत नव्हतं. भाव करायची त्यांची रीत काय, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. पोरीबाळी सायकलींवरून निघाल्या होत्या. एका सोनेरी केसांच्या म्हातारीनं त्याच्याकडे इतकं टक लावून पाहिलं की त्यानं तिला सलाम करून टाकला, आणि म्हातारीनंही मान लववली.

पाण्याच्या काठाला एक उंच, टोकदार छपराची इमारत दिसली. खिडक्याही तशाच टोकदार. वहाबनं मुंबईत गिरजाघरं पाहिली होती. आपला दीन वेगळा असला तरी देवाच्या घरात पायताण घालून जाऊ नये, एवढी अक्कल त्याला होती. त्यानं दारातच बूट काढले, हातात घेतले, नजर खाली करून आत शिरला आणि थेट मासळीच्या चिखलात उभा राहिला. दोन्ही बाजूंना ओट्यांवर माशांचे ढीग, कोळणी सुऱ्या परजून बसलेल्या. मासळीबाजार होता तो. बर्फाच्या पाण्यात अनवाणी उभा असलेला हा काळा, लांबोडका माणूस बघून अख्खा बाजार खदखदा हसला. वहाबही हसला. एका कोळणीनं त्याला बसायला ठोकळा दिला आणि पाय पुसायला फडकं दिलं. हे सगळं जुबेदाला कसं सांगायचं, कुठं थांबायचं, कुठं बूट हातात धरून दाखवायचे, याची जुळवाजुळव करतच तो बाहेर पडला.

पूल ओलांडला आणि समोर विटांची मोठी गिरणी लागली. तिच्या आवारात काठावर गठाणी रचलेल्या होत्या. सकाळपासून त्या शहरातली एकही पाटी त्याला वाचता आली नव्हती. इथं मात्र वरच्या थरातल्या गठाणीवर पोपट बसला होता.

वहाब जागच्या जागी थबकला. जवळ जाऊन त्यानं शेपूट पाहिली. साच्याचा शेपटीकडचा पत्रा मोडला होता आणि सेठ नवा करून देत नव्हता, म्हणून मागच्या हंगामात प्रत्येक पोपटाची शेपूट वहाब कुंचल्यानं हातानंच ओढायचा. ही शेपूट त्याची होती, वाकडी आणि जरा लांब. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं गठाणीला दोन्ही हातांनी मिठी मारली. मग छाती बडवून, पोपटाकडे बोट दाखवून, जो दिसेल त्याला तो सांगत सुटला की हा माझा, माझ्या गावचा. कोणाला समजेना, तर साचा कसा धरायचा, कुंचला कसा फिरवायचा, तेही त्यानं हवेत करून दाखवलं.

दोन हमाल आले. त्यांच्यामागून डोक्याला रुमाल बांधलेली, चाळिशीची एक बाई झाडू टाकून आली. त्यांनी पोपटाकडे पाहिलं, मग वहाबकडे पाहिलं. आता हे आपल्याला चहा पाजणार, असं वहाबला वाटलं. कोणी हसत नव्हतं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

एक हमाल आत जाऊन पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात खडे होते. काळे, आपल्या बेंबळा नदीच्या पात्रातले खडे. वहाबनं ते कुठंही ओळखले असते. हमालानं पोपटाकडे बोट केलं, दोन खडे एकमेकांवर आपटले, बोटं पसरून जाळ दाखवला आणि वहाबला कळणारा एक शब्द उच्चारला, ‘फायर’. यंत्राच्या दातांवर खडा आपटला, ठिणगी पडली, कापूस पेटला. एवढं कळायला भाषा लागत नव्हती. मग त्या बाईनं उजव्या हातावरचं कापड सोडलं. बोटं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता. अंगठा तेवढा सुटा होता.

वहाब त्या हाताकडे बघत असतानाच तिनं डाव्या हातानं त्याच्या थोबाडीत दिली. जपून, लाजेकाजेस्तव नाही. सगळा जोर लावून.

“तू मले काहून मारून राह्यली, बाई?” वहाब ओरडला. “मी तं नुसता मार्का मारतो.”

कोणाला काही कळलं नाही. त्यानं तेच तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा त्याचं त्यालाच पटेना. बाईनं कापड दातात धरून हात पुन्हा गुंडाळला, झाडू उचलला आणि ती कामाला लागली. वहाब चार वाजायच्या आत बोटीवर परतला. पुढचे अडीच महिने बोटीच्या पोटात कोळसा ओढताना त्यानं त्या थपडेचा धनी शोधला. तो सापडायला वेळ लागला नाही. खडे वेचणं बंद केलं कोणी? सेठनं. पाणी ओतायला लावलं कोणी? सेठनं. ती थप्पड सेठच्या गालावरची होती आणि चुकून आपल्याला बसली, हे त्यानं मनाशी पक्कं केलं.

म्हणूनच कारंजाला उतरल्यावर तो घरी गेला नाही. बोचकं खांद्यावर टाकून सरळ प्रेसवर आला. दुपार होती. सेठ आवारात तख्तावर चहा पीत बसला होता. बायांची रांग बादल्या घेऊन ढिगाकडे चालली होती. रांगेत जुबेदा होती. नवरा दिसताच तिचं तोंड उजळलं, तिनं ओढणी सावरली आणि बादली घेऊन ती दोन पावलं पुढं आली. वहाबनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तो सेठसमोर उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलला. गिरणी, पोपट, डबा, जाळ, त्या बाईचा हात, थप्पड, काहीच ठेवलं नाही. बोलताना त्याच्या तोंडाला फेस आला. कामकरी हात थांबवून ऐकत राहिले. दोन वाक्यांपलीकडे हा आपल्याला बोलू देणार नाही, असं वहाबला वाटलं होतं. पण सेठनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, आणि त्यामुळं वहाब जास्तच पेटला.

“इतका कायले तापून राह्यला बाप्पा?” सेठ बशीत चहा ओतत म्हणाला. “गठाण गाडीत चढली का आपला संबंध सरला. फुडं समुंदरापार कोन बाई हाय न कोन नाही, थे मी पाहू का? अन पानी मी ओततो का रे? पानी तुही बायको ओतते. पोपट तू काढला. माहा हात तं कापसाले लागतच नाही.”

वर त्यानं असंही सांगितलं की वहाबची जागा अजून रिकामीच आहे, नवा माणूस पोपट काढतो तो कावळ्यासारखा दिसतो, तेव्हा उद्यापासून कामावर यावं. त्यावर दोघं-तिघं हसले. सात वर्षांच्या सवयीनं वहाबचंही तोंड हसायला उघडलं. ते त्याला जाणवलं आणि त्याच्या अंगाचा असा भडका उडाला की तो हात उगारून तख्ताकडे धावला. दरवान फुलसिंगनं लाठी आडवी घातली. वहाबनं लाठी दोन्ही हातांनी धरली.

जुबेदा जवळ आली होती. तिच्या तोंडावरची खुशी केव्हाच गेली होती.

“तिनं तुमाले डाव्या हातानं मारली?” तिनं विचारलं.

“हाव.”

“मी खडे वेचत होती तवा एक गोटा जात नव्हता,” जुबेदा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “सेठनं मले बादली देल्ली, मी उचलली. तुमी आठ हात दूर उभे राहून पोपट काढत होते, तुमी काय बोलले? आज इथं येऊन सेठच्या नावानं वरडून राह्यले. तुमाले पडली थे थापड माहीबी होती. घरी आनून मले द्याची होती.”

वहाबच्या हातून लाठी सुटली. तिच्या डोळ्यांत बघायचं त्याला धाडस झालं नाही. रागासाठी त्यानं अडीच महिने जी जागा झाडूनपुसून ठेवली होती, तिथं एकटा सेठ बसेना. आता तिघांना दाटीनं बसावं लागत होतं.

जुबेदानं भरलेली बादली जागच्या जागी उपडी केली. पाणी तख्ताच्या पायांपर्यंत गेलं. मग ती कापसाच्या ढिगापाशी गेली, पूर्वी बसायची तशी मांडी ठोकून बसली आणि कापसात हात घातला. पहिला खडा लगेच निघाला. तो तिनं सेठच्या दिशेनं फेकला. तो बशीवर आपटला आणि चहा सेठच्या झब्ब्यावर उडाला.

सेठ ताडकन उठला. हिला हाकला म्हणून तो फुलसिंगवर ओरडला. फुलसिंग लाठी घेऊन ढिगापर्यंत गेला, पण बाईमाणसाला हात कसा लावायचा हे न समजून तिथंच घुटमळत राहिला. गोजराबाईनं आपली बादली खाली ठेवली. बसावं की बसू नये, हे तिचं ठरत नव्हतं. वहाबनं खांद्यावरचं बोचकं फेकलं आणि तो जुबेदाशेजारी जाऊन बसला. तिनं सरकून जागा दिली नाही. त्यानं ओला कापूस पुढ्यात ओढला आणि खडे शोधू लागला.

“उद्यापासून तुमी दोघंबी फाटकात पाय ठेवाचा नाही,” सेठ गरजला.

जुबेदानं मान वर केली नाही. “उद्या नाही येत,” ती म्हणाली. “आजच्या गठाणीत तं गोटा जाऊ देत नाही.”