चौदाव्या ओळीवरचा थांबा

“हात माऊसकडे नेऊ नको, संजना. ते गाव लांब आहे. सगळं काम कळांवर होतं. आणि काकडी घातल्याशिवाय प्रेस दाराबाहेर सोडू नको.”

देवराम सरांचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. ते गेले त्याला साडेतीन महिने झाले. त्या मंगळवारी मात्र सरांची वाट बघणारी मी एकटी नव्हते. सातपूरच्या आमच्या वर्कशॉपमधली झाडून सगळी माणसं, शेजारच्या गाळ्यांतले दहा-बारा जण आणि किटली हातात धरून चहावाला राकेश, सगळे सरांच्या टेबलाभोवती माना उंचावून उभे होते. टेबलावरचं लाल कापड पार जमिनीपर्यंत सोडलेलं. फोटोला झेंडूचा हार. उदबत्तीच्या धुराने कॉम्प्युटरचा स्क्रीन धूसर झालेला. आणि सरांच्या खुर्चीत त्यांच्या हाताखाली काम केलेला जीवन, डोळे मिटून, हात छातीशी जोडून.

“मोबाइल बंद करा सगळ्यांनी. तरंग तुटतात,” जीवन म्हणाला. “देह म्हणजे हार्डवेअर, आत्मा म्हणजे सॉफ्टवेअर. सरांचं हार्डवेअर गेलं, एवढंच.”

“मग वॉरंटी कुणाकडे?” मागून राकेश पुटपुटला.

“तू चहा दे आणि जा,” कुणीतरी त्याला गप्प केलं.

आम्ही पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचे कंट्रोल पॅनल बनवतो आणि ते प्रेसवर बसवून गिऱ्हाइकाकडे पाठवतो. पॅनलमध्ये एक छोटा कंट्रोलर असतो. कुठली तार चालू झाली की मशीनने काय करायचं, हे त्याला एकेका ओळीत लिहून द्यावं लागतं. एका प्रेसचा प्रोग्रॅम लिहायला मला दीड दिवस लागतो. इथे जीवनचे हात जोडलेलेच होते, आणि स्क्रीनवर पहिली ओळ उमटली. मग दुसरी, तिसरी, झरझर. मध्येच थबकायचं, पुन्हा सुरू व्हायचं, जसं कुणी श्वास घ्यावा. आणि ओळींच्या डोक्यावर सरांचीच टिपणं: ‘आधी माणूस, मग मशीन.’

आमची सगळ्यात जुनी प्रेस ऑपरेटर रंगूबाई पदराने डोळे पुसत होती. “बोलतोय बघा माझा भाऊ,” ती म्हणाली. “लय जीव व्हता त्याचा आमच्यावर.”

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मीही रडले होते. मी देवभोळी बाई. पंचवटीत राहते. तुळशीला पाणी आणि एक माळ जप झाल्याशिवाय चहा घेत नाही, मंगळवारचा उपास सोळा वर्षांत मोडलेला नाही. पण मी भुलले ती भोळेपणाने नाही. मी भुलले ती माहिती असल्यामुळे.

सर तरुणपणी प्रेसवरच कामाला होते. त्या प्रेसने त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. पुढे ते शिकले, कॉम्प्युटरवर आले, पण कीबोर्ड आणि माऊस यांची कसरत त्या हाताला जमेना. म्हणून त्यांनी शॉर्टकट पाठ केले. त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा लिहाव्या लागतात म्हणून त्यांचा मॅक्रो बांधला. म्हणजे एकदा नीट केलेलं काम एका कळीत साठवायचं. कळ दाबली की कॉम्प्युटर तेच सगळं आपण होऊन टाइप करतो. “ही माझी बोटं, परत आलेली,” सर हसून म्हणायचे.

तो मॅक्रो मी शंभरदा पाहिला होता. पण त्याला कळ दाबावी लागायची, आणि तो चौदाव्या ओळीवर थांबायचा. थांबून विचारायचा: ‘पडद्याची तार कितवी?’ सर उठायचे, पॅनल उघडायचे, तारेवरचा नंबर डोळ्यांनी वाचायचे आणि मग आकडा घालायचे. इथे तर कुणी कळ दाबत नव्हतं आणि थांबून काही विचारलंही जात नव्हतं. मग हा मॅक्रो कसा असेल? सरच असणार.

अशा तीन प्रेस आमच्याकडून गेल्या. तिन्ही वेळा मी काकडी काढली, आणि तिन्ही वेळा जीवनने मान हलवली. “सरांवर संशय घेता, ताई? सरांना वाईट वाटतं. हे वरूनच टेस्ट होऊन येतंय.” शेठ, म्हणजे खंडेराव शेठ, त्याच्या बाजूने. दीड दिवसाचं काम चहा संपायच्या आत होत होतं, शेठ कशाला नाही म्हणतील?

काकडीचं सांगते. प्रेसच्या जबड्यासमोर किरणांचा पडदा असतो, डोळ्यांना न दिसणारा. माणसाचा हात आत गेला की किरण तुटतो, पडद्याची तार बंद होते आणि उतरणारी प्रेस जागच्या जागी थांबायला हवी. ती थांबते की नाही हे सर काकडी आत घालून बघायचे. “काकडी बोटासारखी असते आणि रडत नाही,” म्हणायचे. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. ते मी तीनदा मोडलं, त्यांच्याच नावाखाली.

तेव्हापासून पहाटे जपाला बसले की चौदाव्या मण्यावर माझी बोटं अडायची. माळ पुढे सरकायची नाही. वाटायचं, कुणी मागे उभं राहून काहीतरी विचारतंय. वर्कशॉपमध्ये त्या रिकाम्या खुर्चीजवळून जाताना मी अंग चोरून जायचे. सर आलेत, तर माझ्यावर रागावलेत, असं मला मनातून वाटत होतं.

त्या मंगळवारी चौथी प्रेस होती. शेठ म्हणाले, “पहिला ठोका रंगूबाईच्या हातून. नारळ आणलाय का रे?”

सगळे फोटोला नमस्कार करू लागले. बाकीचे उभ्याने हात जोडतात. मी कपाळ जमिनीला टेकवते, सवयच आहे. टेकवलं, आणि पंख्याच्या वाऱ्याने लाल कापड वीतभर उचललं गेलं. आत जीवनचा अनवाणी पाय होता. पायाखाली प्रेसचं जुनं लोखंडी पेडल. पेडलच्या दोन तारा टेबलाच्या पायावरून वर, कीबोर्डच्या पोटात गेलेल्या. मी मान तिरकी करून वर स्क्रीनकडे पाहिलं, ओळी थबकल्या होत्या. जीवनच्या पायाचा अंगठा खाली गेला. ओळी पुन्हा सुरू झाल्या.

मला आधी राग आलाच नाही. सर दुसऱ्यांदा गेले, असं वाटलं.

उठून उभी राहिले तेव्हा स्क्रीनवर चौदावी ओळ माझ्यासमोरून गेली. पडद्याची तार: दोन. न थांबता पुढे. पण या पॅनलचा तारांचा नकाशा मीच काढला होता. नव्या पॅनलमध्ये पडदा पाच नंबरवर होता. दोन नंबरवर होता तेलाच्या पातळीचा स्विच, आणि टाकीत तेल असलं की तो कायम चालू. म्हणजे मशीनला कायम वाटणार, की आत कुणाचाही हात नाही.

तेवढ्यात प्रोग्रॅम कंट्रोलरमध्ये गेलासुद्धा. नारळ फुटला. रंगूबाई पत्रा घेऊन स्टुलावर बसली, पाय पेडलजवळ.

“थांबा,” मी म्हणाले. माझा आवाज मुळात बारीक. टाळ्यांमध्ये तो कुणालाही ऐकू गेला नाही. मग मी गर्दीतून आत शिरले आणि मशीनचं लाल बटण तळहाताने दाबलं. मोटर घरघरत बंद झाली.

“संजनाताई, हे काय?” शेठ म्हणाले. “मुहूर्ताला अपशकुन?”

“काकडी राहिली, शेठ.”

“सरांवर विश्वास नाही तुमचा?” जीवन म्हणाला.

“सरांचीच रीत आहे, जीवन. सर स्वतः आले असते तर त्यांनी आधी काकडी मागितली असती.”

मंगळवार होता. उपासाच्या डब्यात माझ्या दोन काकड्या होत्या. एक लांब चिमट्यात धरली, सगळ्यांना मागे सरकवलं, मशीन चालू केलं. “रंगूबाई, हात मांडीवर ठेव. फक्त पेडल दाब.”

तिने दाबलं. जबडा खाली येऊ लागला. मी काकडी किरणांमधून आत सरकवली. प्रेस थांबली नाही. थांबण्याचा विचारही केल्यासारखी दिसली नाही. काकडीचं पाणी रंगूबाईच्या तोंडावर उडालं.

रंगूबाईने तोंड पुसलं नाही. मांडीवरचे दोन्ही हात उलटेसुलटे करून ती बघत राहिली, जणू कुणाचे तरी परत मिळालेत.

मी टेबलाकडे गेले आणि लाल कापड ओढलं.

राकेश खाली वाकला. “आत्म्याला पाय असतात व्हय?” तो म्हणाला. हसलं कुणीच नाही.

जीवनने पेडलवरून पाय काढला. “कपाटामागे सापडलं,” तो म्हणाला. “सरांनी सुरुवातीला केलं असणार, हात दुखायचा तेव्हा. मी सहज जोडून बघितलं. ओळी यायला लागल्या, तेवढ्यात आपला हेल्पर झुंबर मागून ओरडला, सर आले. सगळे पाया पडायला लागले, ताई. मला कुणी कधी नमस्कारही केला नव्हता. मी गप्प बसलो.”

“आणि थांबा?”

“काढला. आत्मा मध्येच नंबर विचारायला लागला, तर लोक हसले असते.”

शेठ हळूच म्हणाले, “मलाही जरा थांबायला हवं होतं.”

मला भाषण येत नाही. पण त्या दिवशी बोलले, जेवढं जमलं तेवढं. “मी रोज देवापुढे दिवा लावते, उद्याही लावीन. पण देवाने मला डोळे दिलेत ते दिव्याकडे बघायला तेवढेच नाहीत, तार कितवी आहे ते बघायलाही आहेत. मॅक्रोत पाप नाही. तो सरांनी बांधला तो आपली बोटं वाचावीत म्हणून. पण कळ फक्त आठवलेलं लिहिते, समोर काय आहे ते तिला दिसत नाही. म्हणून सरांनी चौदाव्या ओळीवर थांबा ठेवला होता. सर त्या थांब्यात होते. तो आपण काढून टाकला, आणि उरलेल्याला हार घातला. यापुढे कुणी म्हणालं, बघू नका, विचारू नका, तपासू नका, पुण्य कमी होतं, तर समजा की काहीतरी झाकलंय. वाका आणि कापड उचला.”

“मी उचलीन,” रंगूबाई म्हणाली. “माझे हात हायेत हे.”

शेठने आधी गेलेल्या तिन्ही प्रेसच्या मालकांना फोन लावले. सिन्नरवाल्यांनी मशीन लगेच बंद केलं. अंबडवाल्यांनीही. ओझरजवळच्या गाळ्यात मात्र नुसती रिंग वाजत राहिली. तिथली प्रेस दुसऱ्या पाळीला, तीनला, सुरू होते. घड्याळात पावणेदोन झाले होते.

जीवन सरांच्या खुर्चीत बसला नाही. उभ्यानेच, हात कळांवर ठेवून, चौदाव्या ओळीत थांबा परत घालत होता.

मी लॅपटॉप पिशवीत टाकला. राहिलेली एक काकडी पदराला पुसून पिशवीत लॅपटॉपशेजारी ठेवली. भूक लागली होती, आणि काकडी उपासाला चालते. पण ही माझी नव्हती. फोटोसमोर उदबत्ती विझत आली होती. मी नमस्कार केला, चपला घातल्या, आणि ओझरची बस धरायला निघाले.